ऑनटॅप स्टोरेजवर होस्ट जोडणं आणि सोडवणं, कमांड लाइनवरून

सातपूर, अंबड किंवा सिन्नरच्या एखाद्या मध्यम आकाराच्या कारखान्यात नुकतेच सिस्टिम अ‍ॅडमिन म्हणून लागलेल्यांसाठी हा लेख आहे. कॉलेजात लिनक्स झालेलं असतं, नेटवर्कही झालेलं असतं. स्टोरेज मात्र हाताळायला मिळालेलं नसतं, कारण कंपनीत तो बॉक्स एकच असतो आणि सगळं त्याच्यावरच चालू असतं: ईआरपीचा डेटाबेस, ड्रॉइंग्ज, हजेरी, पगार. ईआरपीची डिस्क दहा मिनिटं दिसेनाशी झाली, की इनव्हॉइस निघत नाही, ई-वे बिल निघत नाही आणि माल भरलेले ट्रक गेटच्या आत उभे राहतात. अशा यंत्रावर 'करून बघू' म्हणत शिकता येत नाही.

इथे नेटअ‍ॅपच्या ऑनटॅप या प्रणालीचं उदाहरण घेतलं आहे. दुसऱ्या कंपनीचा बॉक्स असेल तर कमांड बदलतील, कामाचा क्रम तोच राहील. नवीन सर्व्हर जोडणं सोपं आहे, चार-पाच कमांडचं काम. पण आत्ता कोण कशाला जोडलेलं आहे हे खात्रीनं सांगता येणं आणि जोडलेलं सुखरूप सोडवता येणं, हे खरं कसब. म्हणून त्याच दोन गोष्टींवर मी जास्त बोलणार आहे.

कमांड इथे देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना त्याच शब्दांचं इंग्रजी स्पेलिंग, लहान अक्षरांत वापरा; जिथे मोठं अक्षर हवं तिथे तसं सांगितलं आहे. ऑनटॅपच्या कमांड साध्या शब्दांच्या असतात आणि टॅबची कळ दाबली की उरलेला शब्द आपोआप पूर्ण होतो. प्रश्नचिन्ह दाबलं की पुढे काय चालेल त्याची यादी येते. या दोन कळांची सवय लावून घ्या.

आधी पाच नावं

लन म्हणजे स्टोरेजनं कापून दिलेला डिस्कचा तुकडा. सर्व्हरला तो स्वतःचीच डिस्क वाटतो. होस्ट म्हणजे तो तुकडा वापरणारा सर्व्हर. होस्टच्या बाजूनं जोडणी सुरू करणारा तो इनिशिएटर. आयग्रुप म्हणजे इनिशिएटरच्या नावांची यादी. आणि लिफ म्हणजे स्टोरेजचा नेटवर्कवरचा पत्ता, ज्यावर होस्ट येऊन धडकतो. हे सगळं एसव्हीएम नावाच्या एका आभासी स्टोरेज सर्व्हरच्या आत असतं. कमांडमध्ये त्यालाच व्हीसर्व्हर म्हणतात.

मॅपिंग म्हणजे 'हा लन या आयग्रुपला दिसू दे' एवढंच वाक्य. स्टोरेज सर्व्हरचा चेहरा ओळखत नाही, यादीतलं नाव ओळखतं. चुकीचं नाव यादीत गेलं तर चुकीच्या सर्व्हरला डिस्क मिळेल. दोन वेगळ्या सर्व्हरना एकच लन मिळाला आणि वर क्लस्टर फाइल सिस्टिम नसेल, तर दोघंही आपापल्या समजुतीनं लिहीत राहतील आणि डेटा खराब होईल. स्टोरेजच्या दृष्टीनं त्यात काहीच बिघडलेलं नसतं, त्यामुळे तिकडून धोक्याची घंटा वाजेल अशी आशा ठेवू नका.

पहिला आठवडा: फक्त शो

एसएसएचनं आत जा आणि काही दिवस 'शो' असलेल्याच कमांड चालवा. त्यांनी काहीही बदलत नाही. यातलं आयस्कझी (स्पेलिंग आय-एस-सी-एस-आय) म्हणजे साध्या नेटवर्कवरून डिस्क पुरवण्याची पद्धत.

`व्हीसर्व्हर आयस्कझी शो`

`नेटवर्क इंटरफेस शो -व्हीसर्व्हर एसव्हीएम_ईआरपी -डेटा-प्रोटोकॉल आयस्कझी`

`लन शो -व्हीसर्व्हर एसव्हीएम_ईआरपी`

`लन मॅपिंग शो -व्हीसर्व्हर एसव्हीएम_ईआरपी`

`आयग्रुप शो -व्हीसर्व्हर एसव्हीएम_ईआरपी -इन्स्टन्स`

`व्हीसर्व्हर आयस्कझी इनिशिएटर शो -व्हीसर्व्हर एसव्हीएम_ईआरपी`

शेवटच्या दोन कमांड सगळ्यात मोलाच्या. आयग्रुपच्या तपशिलात प्रत्येक इनिशिएटरपुढे तो आत्ता लॉगिन आहे की नाही ते लिहिलेलं येतं. आणि इनिशिएटर शोमध्ये, जे खरोखर आत आलेले आहेत त्यांची नावं आणि ते कोणत्या आयग्रुपमध्ये आहेत, ते दिसतं. म्हणजे एका बाजूला कागदावरची यादी आणि दुसऱ्या बाजूला प्रत्यक्ष हजेरी. दोन्ही शेजारी ठेवून ताळा करा. आयग्रुपमध्ये नाव आहे पण लॉगिन नाही, असे बरेच निघतील: कधीच भंगारात गेलेले सर्व्हर, कुणीतरी चाचणीसाठी बनवलेली मशीन. आत्ताच काही काढू नका, फक्त नोंद करा. एका तक्त्यात लनचा पाथ, आयग्रुप, लन आयडी (मॅपिंग करताना लनला मिळालेला क्रमांक), होस्ट, त्यावर काय चालतं आणि त्या विभागात कुणाला विचारायचं, एवढं लिहा. शेवटचा रकाना कोणतीच कमांड भरून देणार नाही. त्यासाठी स्टोअर्सपासून अकाउंट्सपर्यंत चालत जावं लागतं, आणि ते जरूर करा.

प्रॉम्प्टवर चांदणीचं चिन्ह दिसलं तर तुम्ही अ‍ॅडव्हान्स्ड पातळीवर आहात. रोजच्या कामाला ती लागत नाही. `सेट -प्रिव्हिलेज अ‍ॅडमिन` देऊन खाली या.

नाव कसं वाचायचं

आयस्कझीत इनिशिएटरच्या नावाला आयक्यूएन म्हणतात. रचना ठरलेली असते: आयक्यूएन, मग वर्ष-महिना, मग कंपनीचं डोमेन उलट्या क्रमानं, मग कोलन आणि पुढे स्वतःचं नाव. यातला वर्ष-महिना सर्व्हर कधी बसवला याचा नाही, ते डोमेन त्या संस्थेकडे असतानाचा काळ दाखवणारा आहे. त्यामुळे नुसत्या सुरुवातीवरून समोर कोण आहे ते कळतं. 1991-05 आणि मायक्रोसॉफ्ट असेल तर विंडोज. 1994-05 आणि रेडहॅट असेल तर त्या घराण्यातलं लिनक्स. 1998-01 आणि व्हीएमवेअर असेल तर ईएसएक्स होस्ट. 1992-08 आणि नेटअ‍ॅप म्हणजे स्टोरेजचं स्वतःचं टार्गेट नाव; ते आयग्रुपमध्ये टाकायचं नसतं.

लिनक्सवर हे नाव `/ईटीसी/आयस्कझी/इनिशिएटरनेम.आयस्कझी` या फाइलमध्ये असतं. विंडोजमध्ये आयस्कझी इनिशिएटरच्या कॉन्फिगरेशन टॅबवर. दोन्हीकडे नाव कॉपी-पेस्ट करा. हातानं टाइप करू नका, फोनवर तर मुळीच सांगू नका.

इथे एक खड्डा आहे. लिनक्सची व्हर्च्युअल मशीन क्लोन केली की ही फाइलही क्लोन होते आणि दोन मशीनचं आयक्यूएन एकच होतं. ईआरपीच्या सर्व्हरचा क्लोन 'टेस्टिंगसाठी' चालू केला आणि तो स्टोरेजच्या नेटवर्कवर पोचला, तर स्टोरेजच्या लेखी तोही ईआरपीच. त्याला खऱ्या ईआरपीची डिस्क मिळेल. म्हणून क्लोन केल्यावर, नेटवर्क जोडण्याआधी, फाइलमधलं नाव बदला आणि आयस्कझीडी ही सर्व्हिस रीस्टार्ट करा. नाव असं ठेवा की वाचताच कळेल: शेवटी सातपूर-ईआरपी01, सिन्नर-हजेरी01 असं. आपोआप तयार झालेल्या आकडे-अक्षरांच्या माळेवरून रात्री दोन वाजता कुणालाच काही उमगत नाही.

आणखी एक ध्यानात घ्या: आयक्यूएन म्हणजे पासवर्ड नव्हे. ती फाइल कुणीही बदलू शकतं. त्यामुळे आयस्कझीचं नेटवर्क वेगळ्या व्हीलॅनमध्येच हवं, ऑफिसच्या लॅपटॉपना तिथे वाट नको. त्यावर चॅप ही पासवर्डनं ओळख पटवण्याची सोय चालू करता येते, कमांड `व्हीसर्व्हर आयस्कझी सिक्युरिटी क्रिएट`. ओझरच्या विमान कारखान्यासारख्या ग्राहकाची ड्रॉइंग्ज तुमच्या स्टोरेजवर असतील तर चॅप लावाच.

जोडण्याआधी रस्ता तपासा

होस्टला स्टोरेजसाठी दोन स्वतंत्र नेटवर्क कार्ड हवीत, शक्यतो दोन वेगळ्या स्विचवर आणि दोन वेगळ्या सबनेटमध्ये. सर्वसाधारण ऑनटॅप सिस्टिमवर एक कंट्रोलर (स्टोरेजच्या आतला संगणक, हे जोडीनं असतात) बंद पडला तर आयस्कझीची लिफ दुसऱ्यावर सरकत नाही. होस्टनंच दुसरा पाथ धरायचा असतो. त्यासाठीच मल्टिपाथ.

जंबो फ्रेम, म्हणजे 9000 एमटीयू, वापरत असाल तर होस्ट, मधले सगळे स्विच आणि लिफचा पोर्ट, तिन्हीकडे ती जुळली पाहिजे. तपासायची कमांड (यातला एम मोठा):

`पिंग -एम डू -एस 8972 192.168.50.11`

हा 8972 आकडा का? 9000 मधून आयपीचे 20 आणि आयसीएमपीचे 8 बाइट वजा केले. साधं पिंग लागतं पण हे लागत नाही, असं झालं तर मध्ये कुठेतरी एमटीयू कमी आहे. अशा वेळी लॉगिन होतं, छोट्या फाइल जातात, आणि मोठा बॅकअप सुरू झाला की सगळं अडकतं. दोष सापडायला फार वेळ जातो. दोन मिनिटांची ही तपासणी आधीच उरकून घ्या. आयस्कझी टीसीपीच्या 3260 पोर्टवर चालतं. मध्ये फायरवॉल असेल तर तो उघडा हवा.

जोडणी

स्टोरेजवर आधी आयग्रुप:

`आयग्रुप क्रिएट -व्हीसर्व्हर एसव्हीएम_ईआरपी -आयग्रुप आयजी_ईआरपी01 -प्रोटोकॉल आयस्कझी -ओएसटाइप लिनक्स -इनिशिएटर आयक्यूएन.1994-05.कॉम.रेडहॅट:सातपूर-ईआरपी01`

ओएसटाइप बरोबर द्या. व्हीएमवेअरच्या होस्टसाठी व्हीएमवेअर, मग आतल्या मशीन विंडोजच्या का असेनात. एका सर्व्हरला एक आयग्रुप, हा नियम ठेवा. अनेक होस्ट एका आयग्रुपमध्ये तेव्हाच, जेव्हा ते खरोखरचं क्लस्टर असेल.

मग लन आणि मॅपिंग:

`लन क्रिएट -व्हीसर्व्हर एसव्हीएम_ईआरपी -पाथ /व्हॉल/ईआरपी_डेटा/लन01 -साइज 500जी -ओएसटाइप लिनक्स`

`लन मॅपिंग क्रिएट -व्हीसर्व्हर एसव्हीएम_ईआरपी -पाथ /व्हॉल/ईआरपी_डेटा/लन01 -आयग्रुप आयजी_ईआरपी01`

लन आयडी दिला नाही तर ऑनटॅप मोकळा असलेला सगळ्यात लहान आकडा घेतं. क्लस्टरच्या होस्टसाठी तो स्वतः ठरवून द्या, म्हणजे सगळीकडे सारखा राहील.

आता होस्टवर:

`आयस्कझीअ‍ॅडम -एम डिस्कव्हरी -टी सेंडटार्गेट्स -पी 192.168.50.11`

`आयस्कझीअ‍ॅडम -एम नोड -एल`

`मल्टिपाथ -एलएल`

पहिली कमांड एका लिफला विचारते आणि बाकीच्या लिफचे पत्तेही घेऊन येते. दुसरी त्या सगळ्यांवर लॉगिन करते. होस्ट आधीच लॉगिन असेल आणि फक्त नवा लन दिला असेल, तर पुन्हा लॉगिन नको, `आयस्कझीअ‍ॅडम -एम सेशन -आर` नं (इथला आर मोठा) रीस्कॅन पुरतं.

मल्टिपाथच्या उत्तरात दोन गट दिसले पाहिजेत: एकाची प्रायॉरिटी 50, दुसऱ्याची 10. पहिला गट ज्या कंट्रोलरकडे लन आहे त्याच्याकडे थेट जाणारा, दुसरा जोडीदारामार्फत जाणारा. दोन कंट्रोलर आणि प्रत्येकावर दोन लिफ असतील तर एकूण चार पाथ. तीनच दिसत असतील तर काम झालेलं नाही. डिस्क चालतेय म्हणून पुढे जाऊ नका, चौथा शोधून काढा.

आता मोलाची गोष्ट. होस्टवर दिसणारी डिस्क नेमकी कोणता लन आहे हे आकारावरून ठरवू नका. 500 जीबीचे तीन लन असतात आणि मग चुकीचा फॉरमॅट होतो. स्टोरेजवर हे चालवा:

`लन शो -व्हीसर्व्हर एसव्हीएम_ईआरपी -फील्ड्स सीरियल-हेक्स`

मल्टिपाथमध्ये दिसणारा लांबलचक क्रमांक 3600ए0980 नं सुरू होतो आणि त्यापुढे हाच सीरियल-हेक्स असतो. अक्षर न् अक्षर जुळलं तरच ती डिस्क तुमची. त्यानंतरच फाइल सिस्टिम बनवा.

एफएसटॅबमध्ये डिस्कचं नाव एसडीबी, एसडीसी असं लिहू नका, ते रीबूटला बदलतं. यूयूआयडी किंवा मल्टिपाथचं नाव लिहा आणि `_नेटडेव्ह` हा पर्याय द्या, म्हणजे नेटवर्क येईपर्यंत माउंट थांबेल. पावसाळ्यात वीज जाऊन आली आणि यूपीएस उतरलेला असेल, तर सर्व्हर बहुधा स्टोरेजच्या आधी उठून बसतो आणि त्याला डिस्क सापडत नाही. म्हणून चालू करण्याचा क्रम कागदावर लिहून रॅकच्या दारावर लावा: आधी स्विच, मग स्टोरेज, ते पूर्ण वर आल्यावर सर्व्हर.

दिसत नाहीये तेव्हा

अंदाज न बांधता क्रमानं विचारा. पिंग लागतं का? लॉगिन झालंय का? इनिशिएटर शोमध्ये नाव आहे, पण आयग्रुपच्या जागी नुसती आडवी रेघ आहे, तर होस्ट आत आलाय आणि स्टोरेज त्याला ओळखत नाही: आयक्यूएनमध्ये कुठेतरी फरक आहे. आयग्रुप दिसतोय पण डिस्क नाही, तर मॅपिंग बघा, लन ऑनलाइन आहे का बघा, मग होस्टवर रीस्कॅन करा. आयक्यूएन बदलल्यानंतर जुनं सेशन तसंच चालू राहिलेलं असतं. लॉगआउट-लॉगिन केल्याशिवाय नवं नाव लागू होत नाही.

क्लस्टरमध्ये दोनाहून अधिक कंट्रोलर असतील तर ऑनटॅप प्रत्येक लन फक्त त्याच्या मालक कंट्रोलरवरून आणि त्याच्या जोडीदारावरूनच दाखवतं. लन ज्यात आहे तो व्हॉल्यूम दुसऱ्या जोडीवर हलवण्याआधी `लन मॅपिंग अ‍ॅड-रिपोर्टिंग-नोड्स` चालवावं लागतं.

आयस्कझीऐवजी फायबर चॅनल, म्हणजे स्टोरेजसाठीचं वेगळं नेटवर्क, असेल तर आयक्यूएनच्या जागी डब्ल्यूडब्ल्यूपीएन, 16 हेक्स अंकांचा. बाकी आयग्रुप आणि मॅपिंग तसंच. स्विचवर झोनिंग करताना, म्हणजे कोणता पोर्ट कोणाला दिसेल ते ठरवताना, स्टोरेजच्या बाजूनं लिफचा डब्ल्यूडब्ल्यूपीएन घ्यायचा, कंट्रोलरच्या प्रत्यक्ष पोर्टचा नव्हे. नव्या माणसाचा पहिला दिवस हमखास इथेच जातो. एका झोनमध्ये होस्टचा एकच पोर्ट ठेवा. डिस्कऐवजी फाइल शेअर करणाऱ्या एनएफएसची वाट निराळी: तिथे आयग्रुप नाही, एक्स्पोर्ट पॉलिसी असते, आणि कोण जोडलंय ते `व्हीसर्व्हर एनएफएस कनेक्टेड-क्लायंट्स शो` सांगतं.

सोडवणं

इथे घाई करू नका, आणि महिनाअखेरीला तर हे काम घेऊच नका. नियम एकच: जोडताना स्टोरेजकडून होस्टकडे जातो, सोडवताना होस्टकडून स्टोरेजकडे. स्टोरेजवर आधी अनमॅप केलं तर होस्ट हरवलेल्या डिस्कची वाट बघत बसतो, प्रोसेस अडकतात, त्या किल होत नाहीत, कधी कधी रीबूटही अर्ध्यावर थांबतो. याहून वाईट म्हणजे तोच लन आयडी पुढे दुसऱ्या लनला दिला गेला, तर होस्टवर उरलेलं जुनं डिव्हाइस त्या नव्या लनकडे बोट दाखवू शकतं.

आधी लिहून घ्या: मल्टिपाथ -एलएलचं पूर्ण उत्तर, त्यातल्या सगळ्या एसडी डिव्हाइसची नावं, आणि सीरियल-हेक्सशी ताळा. मग ज्यांचा डेटा आहे त्यांच्याकडून लेखी होकार घ्या, आणि बॅकअप उघडून बघा. नुसता 'बॅकअप सक्सेसफुल' असा मेल पुरत नाही.

होस्टवर अ‍ॅप्लिकेशन बंद करा, यूमाउंट करा, एफएसटॅबमधली ओळ काढा. ही ओळ राहिली तर पुढच्या रीबूटला सर्व्हर हरवलेल्या डिस्कची वाट बघत बसेल, `_नेटडेव्ह` दिलेलं नसेल तर इमर्जन्सी मोडमध्येच जाऊन थांबेल, आणि ते रीबूट कधी होईल सांगता येत नाही. एलव्हीएम असेल तर `व्हीजीचेंज -एएन` आणि व्हॉल्यूम ग्रुपचं नाव. यूमाउंट होत नसेल तर जबरदस्तीचा पर्याय शोधू नका, `फ्यूझर` नं कोण वापरतंय ते बघा. बऱ्याचदा आपलंच एखादं टर्मिनल त्या फोल्डरमध्ये उभं असतं. मग:

`मल्टिपाथ -एफ` आणि डिस्कचं नाव

`एको 1 > /सिस/ब्लॉक/एसडीसी/डिव्हाइस/डिलीट`

दुसरी कमांड प्रत्येक पाथसाठी एकदा, म्हणजे चार पाथ असतील तर चार वेळा, मघा लिहून घेतलेल्या नावांवरूनच. पहिल्या कमांडमधला एफ लहान आहे याची खात्री करा. मोठा एफ वापरात नसलेले सगळेच मल्टिपाथ नकाशे काढून टाकतो.

आता स्टोरेजवर या आणि आधी `स्टॅटिस्टिक्स लन शो` चालवून त्या लनवर वाचन-लेखन शून्य झालंय हे बघा. शून्य नसेल तर थांबा; तुमच्या यादीत नसलेला कुणीतरी तो लन वापरतोय. शून्य असेल तर:

`लन मॅपिंग डिलीट -व्हीसर्व्हर एसव्हीएम_ईआरपी -पाथ /व्हॉल/ईआरपी_डेटा/लन01 -आयग्रुप आयजी_ईआरपी01`

`लन ऑफलाइन -व्हीसर्व्हर एसव्हीएम_ईआरपी -पाथ /व्हॉल/ईआरपी_डेटा/लन01`

सर्व्हर कायमचाच जाणार असेल तर होस्टवर `आयस्कझीअ‍ॅडम -एम नोड -यू` नं लॉगआउट करा आणि नोंदही पुसा, `आयस्कझीअ‍ॅडम -एम नोड -ओ डिलीट`. नोंद राहिली तर तो चालू झाल्याबरोबर पुन्हा लॉगिन करतो. मग `आयग्रुप शो -इन्स्टन्स` मध्ये तो लॉगिन नाही हे पाहून आयग्रुप डिलीट करा. मॅपिंग शिल्लक असेल तर ऑनटॅप नकार देतं आणि फोर्सचा पर्याय असल्याचं दिसतं. तो वापरू नका. नकार आला म्हणजे आधीची एखादी पायरी राहिली आहे. मागे जाऊन ती पूर्ण करा.

लन मात्र त्याच दिवशी डिलीट करू नका. ऑफलाइन ठेवा, तक्त्यात तारीख टाका आणि निदान एक महिनाअखेर, जमलं तर एक तिमाही उलटू द्या. तीन महिन्यांतून एकदाच चालणारा जीएसटीचा किंवा स्टॉक ऑडिटचा एखादा रिपोर्ट त्या डिस्कवर निघाला, तर `लन ऑनलाइन` आणि एक मॅपिंग एवढ्यावर काम भागतं. डिलीट केलेला लन स्नॅपशॉट किंवा बॅकअप असेल तरच परत मिळतो.